गच्चीच्या दाराचं कलम

खात्यात त्यांना सगळे गच्चीसाहेब म्हणत. तोंडावर नाही, पण पाठ वळली की हमखास. आगी विझवण्यात उभी हयात गेली, दोनदा हात भाजले, एकदा छप्पर अंगावर आलं, आणि नाव पडलं कशावरून, तर एका दारावरून! पण माणसानं बारा वर्षं एकच तुणतुणं वाजवलं तर लोक तरी दुसरं काय म्हणणार?

तुणतुणं असं: इमारतीच्या गच्चीचं दार आतून किल्लीशिवाय उघडलं पाहिजे. बस, एवढंच. ही एक ओळ त्यांना इमारतींच्या नमुना नियमावलीत घालायची होती. नमुना म्हणजे नमुनाच. शिंपी जसा कागद कापून ठेवतो आणि पुढे गिऱ्हाईकाच्या मापाचं कापड त्यावरून बेततो, तशी ही नियमावली. शहरं आपापले कायदे त्यावरून बेततात. म्हणून जे नमुन्यात नाही ते कुठेच नाही.

ही नियमावली दर तीन वर्षांनी सुधारतात. ठिकठिकाणचे अधिकारी एका मोठ्या सभागृहात तीन दिवस बसतात आणि एकेक कलम पुकारलं जातं. बोलायला कुणालाही दोन मिनिटं मिळतात, मग तो बिल्डर असो, आर्किटेक्ट असो, नाहीतर कुलपं विकणारा. हात वर करायचा हक्क मात्र फक्त नोकरीतल्या अधिकाऱ्याला, आणि तोही कलम पुकारलं त्या घटकेला खुर्चीत असेल तर. ज्याला धंदा नाही त्याला लोभ नाही, असा त्यामागचा विचार. विचार चांगलाच आहे. फक्त लोभ नसलेल्या माणसाला गाडी पकडायची घाई असते, हे तो विचार करणाऱ्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

बारा वर्षांपूर्वी भर दुपारी एका जुन्या इमारतीत आग लागली होती. आग कसली, जिन्याखालची मीटरची पेटी जळली, बादलीभर वाळूत विझावी एवढीच. पण धूर जिन्यानं वर चढला, माणसं धुराच्या पुढे वर पळाली, आणि गच्चीच्या दाराला कुलूप होतं. साहेब धुराचा मास्क लावून वर पोचले तेव्हा शेवटच्या पायऱ्यांवर सात जण होते. कुणालाही भाजलं नव्हतं. कुणीही उठलं नाही. खाली आल्यावर रखवालदाराच्या खोलीत त्यांना ती किल्ली दिसली. खिळ्याला टांगलेली, आणि तिला सुबक अक्षरात चिठ्ठी बांधलेली: ‘गच्ची’. त्या दिवसापासून साहेबांची झोप जी गेली ती गेलीच.

पहिल्या खेपेला कलम आपटलं, कारण कुणीतरी चोरांचं भय घातलं. दुसऱ्या खेपेला तीन हात कमी पडले. तिसऱ्या खेपेला जिंकणारच होते, पण कलमाचा नंबर आला तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, आणि तोवर त्यांच्याच खात्यातले अकरा जण स्टेशनकडे निघून गेले होते. परके आडवे आले असते तर त्यांच्यावर चिडता तरी आलं असतं. आपल्याच माणसांवर काय चिडणार? ते दुसऱ्या दिवशी ऑफिसात चहा विचारायला आले, आणि साहेबांनी तो घेतला.

घरी बायकोचं वेगळंच. बारा वर्षांत तिनं कलमाला नावं ठेवली नाहीत, पण टोमणा मात्र सोडला नाही. “जगाच्या गच्च्या उघडायला निघालात,” ती म्हणायची, “आधी आपली उघडा.” कारण दिव्याखाली अंधार! ते राहत त्या चार मजली इमारतीच्या गच्चीलाही कुलूपच होतं. वाळत घातलेल्या कपड्यांवरून दोन बायकांचं भांडण झालं होतं, म्हणून सेक्रेटरीकाकांनी ते ठोकलं होतं. साहेब म्हणायचे, नियम येऊ दे, मग नियमानं उघडू. मी आज काय म्हणून सांगू? सगळा जन्म हातात कलम धरून बोललेला माणूस. रिकाम्या हातानं शेजाऱ्याचं दार वाजवणं त्यांना जमतच नसे.

यंदा चौथी खेप, आणि नशीब बघा, सभा तीन आठवडे पुढे ढकलली गेली. मधल्या काळात साहेब निवृत्त झाले. हार घातले, घड्याळ दिलं, आणि मत गेलं. आता ते बिल्डरांच्या रांगेत उभे राहून दोन मिनिटं बोलू शकत होते, बाकी शून्य. हात वर करायला उरली त्यांच्या हाताखाली तयार झालेली अधिकारी बाई आणि तिच्या शब्दावर थांबतील तेवढे लोक. हे कलम आता पडलं तर पुन्हा मांडायला कुणी येणार नाही, हे साहेबांना पक्कं ठाऊक होतं. त्यांच्यात तरी पुन्हा यायचं त्राण कुठे होतं?

तिसऱ्या दिवशी दुपारी चारला कलमाच्या आधी अजून चोवीस कलमं बाकी होती. खुर्च्या कुरकुरू लागल्या, लोक घड्याळं बघू लागले. आणि तरीही कुणी उठेना. साहेबांना नवल वाटलं. तेव्हा बाई हळूच येऊन सांगून गेल्या की सगळ्यांच्या बॅगा सकाळीच ‘सांभाळायला’ म्हणून गोळा केल्यात, आमच्या जीपमध्ये आहेत, आणि जीपची किल्ली माझ्याकडे आहे. साहेब बऱ्याच दिवसांनी हसले. जन्मभर कुलपाशी भांडले आणि शेवटी कामाला आलं ते कुलूपच.

पण बिल्डरांचे वकीलही काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांनी साहेबांना बाहेर व्हरांड्यात गाठलं, अदबीनं पाणी दिलं आणि सरळच सांगितलं. कलमात ‘यापुढे बांधल्या जाणाऱ्या इमारती’ असं घाला, आमचा एकही माणूस विरोधात बोलणार नाही. नाही घातलं, तर आमचे चाळीस जण दोन-दोन मिनिटं बोलतील. बघू तुमची माणसं किती वेळ बसतात. कलम साहेबांचं, त्यामुळे बदल मान्य करायचा की नाही हेही त्यांनीच सांगायचं होतं.

साहेब भिंतीला टेकून उभे राहिले. ती सात माणसं ज्या पायऱ्यांवर होती ती इमारत तेव्हाच तीस वर्षांची होती. असं बदललेलं कलम त्या दिवशी असतं, तरी ते कुलूप तिथेच राहिलं असतं. बाई शेजारी येऊन थांबल्या होत्या.

“सर, नको म्हणालात तर मी सगळ्यांना रात्रभर बसवते,” त्या म्हणाल्या.

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं. बसवलंही असतं तिनं. पण पन्नासेक दमलेली माणसं, आणि त्यांत सगळ्यात दमलेले ते स्वतः. “घाला,” ते म्हणाले. “निदान पुढचे तरी वाचतील.”

पाच मिनिटांत कलम मंजूर झालं. सभागृहभर हात वर गेले. साहेबांचाही सवयीनं अर्धा वर गेला, तो त्यांनी गुडघ्यावर ठेवला. टाळ्या झाल्या, पाठीवर थापा पडल्या. त्यांना कसलाही आनंद झाला नाही, आणि त्याचीच त्यांना लाज वाटत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते घरी पोचले. बायकोनं दार उघडून विचारलं, झालं का? झालं, ते म्हणाले. मग आपलं कुलूप निघणार म्हणायचं, ती म्हणाली. आपली इमारत जुनी आहे, असं सांगून ते चप्पल काढायला वाकले आणि तसेच थांबले. मग पुन्हा चप्पल घालून जिना उतरले.

सेक्रेटरीकाका तळमजल्यावर पेपर वाचत होते. “या! आला का तुमचा नियम?”

“आला. पण आपल्याला लागू नाही.”

“मग?”

बारा वर्षांत साहेबांनी हे सभागृहात दर खेपेला सांगितलं होतं, आकडे देऊन, नकाशे लावून. शेजारी बसून कधीच सांगितलं नव्हतं. “काका, सात माणसं होती,” ते म्हणाले. “मी एकेकाला खांद्यावर घेऊन उतरवलं. किल्ली खाली खिळ्याला होती. तिला चिठ्ठी बांधलेली होती.”

काकांनी वळून आपल्याच दारामागच्या खिळ्याकडे पाहिलं. किल्ली काढली, आणि दोघं म्हातारे थांबत थांबत चार मजले चढले.

काकांनी कुलपात किल्ली घातली. ती फिरेना. साहेबांनी फिरवून पाहिली, जोर लावला, तशी ती वाकली.

“टाकी खाली नेल्यापासून वर कुणी येतच नाही,” काका पुटपुटले. “आत सगळा गंज धरला असेल.”

 साहेब शेवटच्या पायरीवर बसले, त्या दाराला पाठ लावून. बारा वर्षं ते या दाराच्या दोन मजले खाली झोपत होते, बायको झोपत होती, आणि वेळ आली असती तर किल्ली हातात असूनही ते उघडलं नसतं. खालून बायकोची पावलं ऐकू आली. कुलपाची खडखड ऐकून ती धापा टाकत वर आली, तिच्या हातात हातोडा होता.

“उठा,” ती म्हणाली. “तोडू या.”