त्या खोलीत आवाज करायचा नव्हता

“तोंड उघड, बाळ,” डॉक्टर म्हणाले. शामूला तोंड उघडता येईना. दात एकमेकांवर घट्ट बसलेले, ओठ ताणलेले. बघणाऱ्याला वाटावं पोरगं हसतंय. तो हसत नव्हता. डोळे माझ्याकडे लावून होता.

डॉक्टरांनी बॅटरी खिशात ठेवली. म्हणाले, “बाई, हा टिटॅनस आहे. तुम्ही धनुर्वात म्हणता तो. पायाला काही लागलं होतं का?”

लागलं होतं. बाभळीचा काटा, टाचेत. मी सुईने काढला, हळद भरली, पोरगं खेळायला पळालं. काटा निघाला म्हणजे काम झालं असंच आम्ही समजत होतो. जखमेतून विष अंगात जातं आणि जबडा, मान, पाठ आखडत जाते, हे मला त्या दिवशी कळलं. तुमच्या घरात लहान मुलं असतील तर धनुर्वाताची सुई आधीच टोचून आणा. पुढचं मग वाचा.

ही बहात्तरच्या दुष्काळाआधीची गोष्ट. माझा नवरा नरडाण्याला रेल्वेत गँगमन होता. आम्ही ख्रिस्ती. मी मिशनच्या शाळेत चौथीपर्यंत शिकले. मुलाचं बाप्तिस्म्याचं नाव शमुवेल, घरात शामू. वय नऊ. नरडाण्याहून धुळ्याला एसटीत त्याला मांडीवर आडवा धरून आणला. खड्डा आला की त्याचं अंग ताठ व्हायचं. मला वाटलं, भितो आहे.

दवाखान्यात त्याला व्हरांड्याच्या टोकाची खोली दिली. खिडक्यांना घोंगड्या लावलेल्या, भरदुपारी अंधार. डॉक्टरांनी आम्हाला बाहेर उभं करून समजावलं. “या आजारात उजेड, आवाज, नुसता हात लागला तरी झटका येतो. त्याला स्पॅझम म्हणतात. अंग धनुष्यासारखं वाकतं. घशाला झटका आला तर श्वास बंद पडतो. औषध आम्ही देऊ. शांतता तुम्ही द्यायची. दोन आठवडे निघाले तर मूल हाती लागेल.”

मग एटीएस दिलं. ते विषावरचं औषध, घोड्याच्या रक्तापासून करतात, असं नर्सने सांगितलं. झोपेची इंजेक्शनं सुरू झाली. नाकातून पोटापर्यंत नळी घातली, तिला राइल्स ट्यूब म्हणतात. तिच्यातून दूध. नर्स चपला बाहेर काढून आत यायची. बादलीच्या कडीला फडकं गुंडाळलेलं होतं.

दुसऱ्या खाटेवर यमुना होती. शिरपूरकडची, शेतकऱ्याघरची, पहिलटकरीण. घरी बाळंत झाली आणि आठवड्याने जबडा बसला. बाळ घरी शेळीच्या दुधावर. तिची आई, जनाअक्का, खाटेपाशी जमिनीवर बसलेली असायची.

नर्सने आम्हा दोघींना बांगड्या काढायला सांगितल्या. काचेचा आवाज नको. मी काढल्या. जनाअक्का उसळली.

“बांगड्या काढू? मना धनी जित्ता शे!”

“मग वाजू देऊ नका,” नर्स म्हणाली.

जनाअक्काने लुगड्याचा काठ फाडला आणि दोन्ही हातांच्या बांगड्यांवर चिंध्या बांधल्या. पुढे तिचे हात मला अंधारात जाडजूड दिसायचे.

आमच्यात आजाऱ्यापाशी मंडळी जमते आणि गाते. मंडळी म्हणजे आमच्या चर्चची माणसं. ढोलकी, झांज, सगळं घेऊन येतात आणि मोठ्याने प्रार्थना करतात. मी लहानपणापासून तेच पाहिलेलं. रविवारी उपासना आटोपून सगळे धुळ्याला आले. पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, समंजस माणूस. त्यांनी व्हरांड्याच्या लांबच्या टोकाला बसवून हळू आवाजात गाणं सुरू केलं. पण गाणं मंडळीच्या तोंडी लागलं की हळू राहत नाही. दुसऱ्या कडव्याला कोणाचा तरी हात सवयीने झांजेवर गेला.

आत शामूची पाठ खाटेवरून उचलली गेली. टाच आणि डोकं तेवढं टेकलेलं. पाठोपाठ यमुनेचीही. शामू शुद्धीवर होता. या आजारात शुद्ध जात नाही, ते सगळ्यात वाईट.

डॉक्टर धावत आले, इंजेक्शन दिलं, मग बाहेर गेले. ओरडले नाहीत. म्हणाले, “पाळकसाहेब, तुमच्या देवाला ऐकू येतं ना? मग एवढ्या जोरात कशाला?”

त्या दिवसापासून मंडळी अंगणातल्या निंबाखाली बसू लागली. गाणं नाही, ढोलकी नाही, नुसते ओठ हलायचे. येणारेजाणारे थबकायचे. एकाने विचारलं, “कोन मरी गयं?”

आमच्यातला एक म्हातारा म्हणाला, “आजून कोनी नही.”

मी आत तेच करत होते. तू सर्वसमर्थ आहेस, तुला अशक्य काही नाही, माझं लेकरू वाचव. एवढंच पुन्हापुन्हा, ओठांतल्या ओठांत. जनाअक्का बघत होती. एकदा सरकत जवळ आली आणि कानाशी लागली.

“काय पुटपुटस वं तू?”

“परार्थना.”

“आवाज नही, मंग तुना देवले आयकू कसं येस?”

“त्याले बठ्ठं आयकू येस.”

तिने जरा विचार केला. “मंग मनी पोरनं बी सांग त्याले. तेवढा वखत शे ना त्याले?”

मी सांगितलं. त्यानंतर रोज आधी शामूचं नाव घ्यायची, मग यमुनेचं. खरं सांगते, शामूचं जास्त वेळा घ्यायची.

दुसरा आठवडा लागला. झटक्यांमधलं अंतर वाढू लागलं. डॉक्टरांनी शामूच्या दातांमध्ये बोटाचं टोक घालून पाहिलं आणि म्हणाले, “सैल पडतंय.” मी बाहेर जाऊन नवऱ्याला सांगितलं. तो निंबाला टेकून खाली बसला.

त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी नर्स नळीतून दूध घालत होती. कसलाही आवाज झाला नाही. कोणी हात लावला नाही. शामूच्या घशाला झटका आला आणि तो सुटला नाही. चेहरा निळा पडला. डॉक्टर आले, छाती दाबत राहिले. खूप वेळ. मग थांबले. आधी माझ्याकडे पाहिलं, नंतर यमुनेच्या खाटेकडे.

मला कळलं. हंबरडा गळ्यापर्यंत आला होता. मी पदराचा बोळा करून तोंडात कोंबला. जनाअक्काने माझं मनगट धरलं. तिच्या बांगड्या वाजल्या नाहीत. यमुना छताकडे बघत निजली होती. तिला काही कळलं नाही.

स्ट्रेचरची चाकं वाजायची, म्हणून नवऱ्याने त्याला हातांवर घेतलं. आम्ही अनवाणी व्हरांडा ओलांडला. निंबाखालची मंडळी उभी राहिली. मी फाटकाबाहेर गेले, रस्ता ओलांडला. आता रडायला हरकत नव्हती. तोंड उघडलं तर आवाजच फुटला नाही.

मातीनंतर जळगावची नणंद म्हणाली, “वहिनी, विश्वास कमी पडला.”

मी म्हटलं, “तुझ्याकडे जास्तीचा होता ना? तो का नाही लावलास?”

काहींनी झांजेचं नाव काढलं. डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं होतं की गेला तो आजाराने, झांजेने नाही. झांज वाजवणारा कोण, हे मी आजवर विचारलेलं नाही. तुमच्यावर अशी वेळ आली तर तुम्हीही विचारू नका. पोर परत येत नाही आणि एक माणूस मात्र तुटतं.

नवऱ्याने बरेच दिवस चर्चचं तोंड पाहिलं नाही. म्हणाला, “त्याच्या हातात होतं ना? मग?”

मी म्हटलं, “त्याच्या हातात होतं म्हणून तर मी दुसऱ्या कोणाकडे गेले नाही.”

सर्वसमर्थ म्हणजे माझ्या मनासारखं करणारा, असं आमच्या शास्त्रात, बायबलात, कुठे लिहिलेलं नाही. तरी मी मनात तेच धरून बसले होते. ते गेलं. राग आला होता. अजून येतो. तो रागही मी त्यालाच सांगते, दुसऱ्या कोणाला सांगू? एक प्रार्थना ऐकली आणि एक ऐकली नाही, असं मी म्हणत नाही. दोन्ही ऐकल्या. ज्याने यमुनेला उठवलं त्याला शामूला उठवता येत नव्हतं, असं मानणं मला जमत नाही. का नाही उठवलं, ते वर गेल्यावर विचारीन.

त्या डॉक्टरांचे आणि त्या अनवाणी नर्सचे उपकार मी विसरले नाही. मंडळीचेही नाही. गाणारी माणसं माझ्या पोरासाठी गप्प बसली होती.

कापूस वेचून झाल्यावर जनाअक्का नरडाण्याला आली. मागे यमुना, थोडी वाकून चालणारी, कडेवर बाळ. जनाअक्काने दारातूनच हाक मारली, मोठ्याने, बांगड्या वाजवत. मग तिला काय आठवलं कोण जाणे, हात पदराखाली घेतले.

“वाजू दे वं,” मी म्हटलं.

त्या खोलीत दोन खाटा होत्या. यमुना वाचली.