लालबीच्या तोंडाचा वास

शिरूरची लालबी मणियारीण केंदूरला बांगड्या भरायला यायची. हात हातात घेतला की बाईला बोलण्यात अशी गुंगवायची, की बांगडी मनगटावर कधी चढली ते कळायचंही नाही. पण मिश्रीनं म्हणा, हिरड्यांच्या दुखण्यानं म्हणा, चाळिशीतच तिचे सगळे दात गेले. तिचा भाऊ सिद्दीक दौंडला रेल्वेत होता. त्यानं तिथल्या डॉक्टरकडून तिला कवळी बसवून दिली; तोवर ती केंदूरला फिरकलीच नव्हती.

लालबी पुन्हा तोंडभर हसू लागली. फक्त आपलं बोळकं नवऱ्याला, पाशाला, दिसू नये म्हणून ती झोपतानाही कवळी काढीना.

पुढं पुढं बांगड्या भरताना बायका तोंड फिरवू लागल्या. एक नवरी तर नाकाला पदर लावून बसली. लालबीला वाटलं, लाजतेय पोर. मग खरं काय ते ध्यानात आलं आणि तिची कानशिलं तापली.

ती तडक दौंडला गेली. डॉक्टर म्हणाले, "झोपताना कवळी काढायची, घासून पाण्यात ठेवायची. आणि हे औषध पाण्यात थोडंसं टाकून गुळण्या करायच्या."

लालबीनं मान हलवली. कवळी मात्र काढली नाहीच. वर पाणी न घालता औषधाच्या निरशा गुळण्या करू लागली. केंदूरच्या ओढ्याशी थांबून एक चूळ भरायची, मगच गावात शिरायची. औषधाला स्पिरिटचा उग्र वास होता.

एके दिवशी केंदूरच्या वडीलधाऱ्या पुतळाबाईंच्या ओट्यावर बांगड्या भरायला बायका जमल्या होत्या. पुतळाबाईंनी एकदम तिचा हात धरला.

"लालबे, दारू प्यालीस व्हय गं?"

दारूबंदीचे दिवस. लालबीनं हात सोडवून घेतला.

"अल्लाची आन, आक्का! गुळण्यांचं औषध हाय."

"कशाला गुळण्या? दात तर मोत्यावानी हायती तुजं."

आता ही गोष्ट शिरूरला पाशाच्या कानावर जाणार! लालबीनं भिंतीकडं तोंड केलं, कवळी काढली आणि वळली. हिरड्या लालबुंद, जागोजाग चट्टे. कुणीतरी खुदकन हसलं.

"गप ऱ्हावा गं!" पुतळाबाई ओरडल्या. आत जाऊन त्यांनी कोमट मिठाचं पाणी आणलं. सगळ्यांदेखत लालबीनं चूळ भरली. गाल लुळे पडलेले, डोळे वाहत होते. "कुनाला थांगू नगा," ती कशीबशी म्हणाली आणि स्वतःचाच बोबडा आवाज ऐकून तिनं तोंड पदरात खुपसलं.

घरी गेल्यावर तिनं पाशासमोर कवळी वाटीत काढून ठेवली. पाशा बघतच राहिला. "येवढ्यासाठी जीव जाळलास?" तो म्हणाला.

डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणं पातळ औषधाच्या गुळण्या सुरू झाल्या. चट्टे बरे झाले, वासही गेला. पण केंदूरला ती कितीतरी दिवस नणंदेलाच पाठवत राहिली. शेवटी स्वतः गेली तेव्हा बायकांनी मायेनं जवळ बसवलं. लालबीनं बांगड्या भरल्या, पण मान वर केली नाही. तिचं ते गुंगवणारं बोलणं मात्र केंदूरला पुन्हा कुणी ऐकलं नाही.