कठड्यापाशी गुडघे टेकून

"गुलेन-बॅरे सिंड्रोम," डॉक्टर म्हणाले. बंगळूरच्या त्या हॉस्पिटलात मी आदल्या दिवशी बायकोच्या, सुशीलाच्या खांद्यावर भार टाकून आलो होतो. आता उभंही राहता येत नव्हतं. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती चुकून आपल्याच नसांवर उलटते. "बहुतेक जण बरे होतात," ते पुढे म्हणाले, "पण नसांचं आवरण भरून यायला महिने लागतात. ते काम आम्हाला पळवता येत नाही, तुम्हालाही नाही."

हे त्यांनी नेमकं मला सांगावं! सरकारी कारखान्यात कामं पळवण्याचाच मी पगार घेत होतो. नव्वदच्या त्या दशकात आमची छोटी मराठी मंडळी एका कन्नड चर्चमध्ये दुपारी उपासना करायची. पाठोपाठ त्यांची उपासना असे, म्हणून वेळेत आटपायचं काम माझ्याकडे होतं. पाळकांचा उपदेश लांबला की मी मागून खोकायचो. सहनशीलतेवर एकदा मीही बोललो होतो, तेही वेळेआधी संपवून.

लंबर पंक्चर झालं, म्हणजे कमरेच्या मणक्यांत सुई घालून तिथलं पाणी तपासलं. छातीचे स्नायू थकलेत का हे बघायला नर्स मला एका दमात आकडे म्हणायला लावायची. आकडे कमी झाले की सुशीला बाहेरच्या बाकावर जाऊन प्रार्थना करायची. मी प्रार्थना करत नव्हतो, देवाशी भांडत होतो. श्वासाच्या मशीनवर ठेवायची वेळ आली नाही, एवढ्यावर तरी मी आभार मानायला हवे होते.

घरी आलो तो व्हीलचेअरवर. शारदाक्का फिजिओथेरपीला यायच्या. मी घाई केली की दटावायच्या, "अर्जंट माडबेडी सर. निधान, निधान." घाई नको, सावकाश.

काठी धरून चालू लागलो, पण गुडघे टेकून उठता येईना. उठताना सगळा भार मांड्यांवर येतो आणि त्यांत अजून तेवढी ताकद नव्हती. प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरसाचा प्याला घ्यायला आमच्यात सगळी रांग वेदीच्या कठड्यापाशी गुडघे टेकते आणि पाळकांनी आशीर्वाद दिला की एकदम उठते. माझ्यासाठी पाळक भाकर आणि प्याला घेऊन बाकापाशी यायचे. मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एक दिवस पलंगाशी गुडघे टेकून पाहिले आणि तिथेच अडकलो. सुशीला नि शेजारच्या अण्णांनी ओढून उठवलं. त्या दिवशी मी लहान मुलासारखा रडलो. मग मात्र शारदाक्का सांगतील तेवढंच करू लागलो, आधी उंच स्टुलावरून उठणं, मग बुटक्या.

अखेर त्यांनीच एकदा मान डोलावली. "सरी, ठीक आहे. आता जा."

त्या रविवारी मी सुशीलाशेजारी कठड्यापाशी गुडघे टेकले. भाकर घेतली, प्याला घेतला. आशीर्वाद झाला, रांग उठू लागली. माझा उजवा पाय पुढे आला आणि थरथरत थांबला. पाळकांनी हात पुढे केला, मी मानेनेच नको म्हटलं. सुशीला उठलीच नाही. तिच्या पलीकडचे अर्धवट उठलेले लोक पुन्हा गुडघ्यांवर बसले, मग पूर्ण रांग. दारात कन्नड मंडळी येऊन थांबली होती. त्यांची वेळ कधीच झाली होती, पण कुणी खोकलं नाही.

मी कठडा धरला, श्वास घेतला आणि उठलो. माझ्या पायांनी, कुणीही न ओढता! माझ्यामागून सगळी रांग उठली. सुशीला हसत होती आणि डोळे पुसत होती. मी मोठ्याने "हालेलुया" म्हणालो, आयुष्यात पहिल्यांदा.

बाहेर मी कन्नड मंडळींची माफी मागायला गेलो. त्यांच्यातले एक वडीलधारे गृहस्थ माझा हात हातात घेऊन म्हणाले, "परवागिल्ला सर, काही हरकत नाही. आम्ही पाहत होतो."

तुम्ही आज अशाच पलंगावर असाल आणि हे कधी संपणार म्हणून देवावर चिडला असाल, तर चिडा. मीही चिडलो होतो. धीर एकट्यालाच धरावा लागतो असं मला वाटायचं. पण सुशीला, शारदाक्का, पाळक आणि ती पूर्ण रांग माझ्यासाठी थांबली होती. तुमच्यासाठीही कुणीतरी थांबलंय. सावकाश उठा.