काकवीचं बोट

कुंडलच्या लालासाहेबांच्या घरात साखरेचा डबाच नाही. स्वतःचं गुऱ्हाळ असलेल्या माणसाने दुकानातली साखर आणायची म्हणजे त्यांना अब्रू गेल्यासारखं वाटतं. चहा गुळाचा, शिरा गुळाचा. आणि गूळ होण्याआधी कढईत जी दाट, सोनेरी काकवी उकळते, तिचं बोट तान्ह्या बाळाला चाटवायचं, ही तर त्या घरची जुनी रीत.

राजेश्वरी त्या घरची सून, माझी शेजारीण. नवरा फौजेत. थोरल्या शिवतेजला ती बाटलीतून गुळाचं दूध पाजायची आणि बाटली तोंडात ठेवूनच तो झोपायचा. दोन वर्षांचा होईतो त्याचे वरचे पुढचे दात काळे पडले. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "बाटलीत साखर घालता का?"

"छे! आमच्यात साखर कुणी खातच न्हाई," राजेश्वरी ठसक्यात म्हणाली. त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. बाटली चालूच राहिली. पुढे पोराचा गाल टम्म सुजला, तेव्हा बाईंनी विचारलं, "मग दूध गोड कशाने करता?" दातांना गूळ आणि साखर सारखीच, हे राजेश्वरीला तेव्हा कळलं. वरचे पुढचे चारही दात काढावे लागले. मला त्या बाईंचा राग आला. उसाच्या मुलखात दवाखाना टाकायचा आणि गुळाचं विचारायचं नाही?

मग माया झाली. या खेपेला राजेश्वरीने कंबर कसली. सहा महिने फक्त अंगावरचं दूध. नंतर मऊ वरणभात, कुस्करलेलं केळं, बिनगोडाची नाचणीची पेज, तीही वाटी-चमच्याने. बाटली तिने घरात आणलीच नाही. खाली दोन दात लुकलुकायला लागल्यावर रोज झोपवण्याआधी ते ओल्या फडक्याने पुसायची. दोन दातांची केवढी मिजास, म्हणून गल्लीतल्या बायका हसल्या. हिने ढुंकून पाहिलं नाही.

लालासाहेब मात्र नातीला रोज दुपारी गुऱ्हाळावर न्यायचे. एकदा तिथून आल्यावर माया पेज थुंकायला लागली. ओठ बघावेत तर चिकट. राजेश्वरीने पदर खोचला आणि थेट गुऱ्हाळ गाठलं. गडीमाणसांदेखत सासऱ्याला बोलायची आमच्यात पद्धत नाही. ती बोलली.

"मामा, मायाला काकवी द्यायची न्हाई."

लालासाहेब भडकले. "माझ्या काकवीत रसायनाचा थेंब न्हाई. नातीला इख चारतोय व्हय मी?"

"आवं, काकवी लय चांगली हाय. म्हणूनच तर आपुन फसलो. शिवतेजला उसाचं कांडं द्या बघू चावायला."

शिवतेज तिथेच खेळत होता. लालासाहेबांनी रागारागाने एक सोललेलं कांडं त्याच्या हातात कोंबलं. पोराने ते तोंडाला लावलं, एका कडेने चघळून पाहिलं आणि परत पुढे केलं. "आबा, बारीक करून द्या की, रोजच्यागत."

रोज कौतुकाने विळीवर तुकडे करून देताना लालासाहेबांच्या मनात कधी आलंच नव्हतं, की याला ते का लागतात.

"माया आता हितं यायची न्हाई," राजेश्वरी म्हणाली आणि दोन्ही पोरांना घेऊन घरी आली. म्हाताऱ्याचा जीव नातीत किती गुंतला होता, हे तिला कळत का नव्हतं? घरी येऊन ती माझ्यापाशी ढसाढसा रडली, पण शब्द मागे घेतला नाही. लालासाहेबांनी अबोला धरला.

मग त्यांची बहीण लीलाबाई बाळ बघायला आली. रीतीप्रमाणे तिने काकवीची वाटी जवळ ओढली, बोट बुडवलं आणि मायाच्या तोंडाशी नेलं. राजेश्वरी चुलीपुढून उठेपर्यंत लालासाहेबांनी बहिणीचं मनगट धरलं होतं.

"आक्का, हिला न्हाई. एका नातवाचं तोंड माझ्याच गुळानं बोळकं झालंय."

राजेश्वरीने मायाला उचललं आणि त्यांच्या मांडीवर दिलं.