सपाट रेघेचे पेढे

आमच्या सांगलीच्या लॅबमध्ये हेलियम कायम संपलेलं असतं, किस्से मात्र संपत नाहीत. चहाला चौघं जमलो की एक निघतो आणि त्याच्यामागून दुसरा.

काम आमचं चुंबकांचं, तेही हट्टी चुंबकांचं. साधं चुंबक हेलियमनं गार केलं की त्यातले अणू शिस्तीत रांगेला लागतात. आमचे त्रिकोणात अडकलेले. कितीही गार केलं तरी ते डुलतच राहावेत, ही आमची आशा. त्या अवस्थेला क्वांटम स्पिन लिक्विड म्हणतात.

तपासणीला आलेल्या एका साहेबांना सरांनी हे तीन जावांवरून समजावलं. प्रत्येकीला उरलेल्या दोघींच्या उलट बोलायचंय, पण उत्तरं दोनच, हो किंवा नाही. मग तिसरीनं काय बोलायचं? साहेब म्हणाले, "वेगळी चूल मांडून द्या की तिला."

मोठं चुंबक चालू असलं की किल्ल्या, मोबाइल, पट्टा, सगळं दाराबाहेरच्या टोपलीत ठेवायचं. आमच्या लॅबमधल्या संभाला बघायला रहिमतपूरचे पाहुणे थेट लॅबवरच आले. गडी घाईत बाहेर आला तो एका हातानं पँट धरून, दुसऱ्यानं नमस्कार करत. सोयरीक जमली! मुलीचे मामा म्हणाले, "पोरगं लय मर्यादशील हाय."

दुसरीकडे आलेखात काही दिसलं की पेढे वाटतात, आमच्याकडे काही दिसलं नाही की. शोभाची अख्खी पीएच.डी. एका उंचवट्यावर अडली होती. उंचवटा आला म्हणजे अणू रांगेला लागले, आणि तिच्या प्रत्येक नमुन्यात तो यायचाच. मुदत संपत आलेली. आता चुंबकीय क्षेत्र वाढवत नेऊन तो मोडतो का, एवढंच बघायचं राहिलं होतं. हेलियम एका फेरीपुरतं होतं.

नेमके त्याच दिवशी तिचे आण्णा डबा घेऊन आले. मिरजेच्या एका दवाखान्यात, आयसीयूत वॉर्डबॉय म्हणून त्यांची उभी हयात गेलेली. कुणाला काही न विचारता ते मागे स्टुलावर बसले.

क्षेत्र वाढत गेलं तसा पडद्यावरचा उंचवटा बसत गेला. आण्णा टोपी काढून उभे राहिले. शेवटी रेघ पार सपाट झाली आणि शोभा ढसाढसा रडायला लागली. सरांनी संभाला मिठी मारली, मी पेढ्यांचा पुडा फोडला.

आण्णांनी आमच्याकडे एकदा रागानं बघितलं. मग लेकीच्या पाठीवर हात ठेवला.

"रडू नगं, बाळ. तू करायचं तेवढं केलंस. भाईर त्येंची मानसं आली असत्याल. तू बस, मी सांगतो."