सरांचा कान

माझ्या नवऱ्याला पक्षी ऐकू येत नाहीत, हे जगात तिघांनाच माहीत होतं. एक ते स्वतः, दुसरी मी आणि तिसरा नगरचा कानाचा डॉक्टर. डॉक्टरकडे रोज इतके कान येतात की तो विसरलाच असणार. म्हणजे उरलो आम्ही दोघं.

बहिरे नाहीत ते. कुकरची शिट्टी ऐकू येते. मी फोनवर बहिणीशी त्यांच्याबद्दल काही बोलले, तर दोन खोल्यांपलीकडून बरोबर ऐकू येतं. फक्त बारीक आवाज गेले. डॉक्टरांनी कागदावर उतरती रेघ काढून दाखवली आणि म्हणाले, वयानं वरचे सूर आधी जातात, सगळ्यांचेच जातात, कुणाच्या लक्षातही येत नाही. मशीन लावा म्हणाले. सरांनी तो कागद घडी करून खिशात घातला आणि जिना उतरताना मला बजावलं, "कुणाला बोलायचं नाही."

ते संगमनेरला कॉलेजात शिकवायचे. सगळा जिल्हा त्यांना सर म्हणतो, म्हणून मीही इथे सरच म्हणते. नवरा म्हणून लिहिण्यासारखं फारसं नाहीच. पक्षी नुसत्या आवाजावरून ओळखणारा माणूस अशी त्यांची ख्याती. रविवारी माणसं जमवून माळावर न्यायचे आणि सांगायचे, डोळे मिटा, कान उघडा. कॅमेरेवाल्यांची तर ते अशी सालटी काढायचे की काहीजण पुन्हा आलेच नाहीत. अशा माणसानं कानात मशीन घालून लोकांसमोर उभं राहायचं? त्यापेक्षा ते मेले असते.

मला कळलं ते प्रवरेच्या काठी. एक छोटा खंड्या आमच्या पुढून पाण्याला लागून बारीक ओरडत गेला. मी म्हटलं, "खंड्या गेला." सर भलतीकडेच बघत होते. "कुठे?" म्हणाले, आणि लगेच, "ऐकला मी." मी त्यांच्याकडे बघितलं. एवढ्या वर्षांत मी आधी आणि ते नंतर, असं कधी झालं नव्हतं. त्या दिवशी मला भलताच आनंद झाला, खोटं कशाला सांगू.

मग आमचं एक तंत्र बसलं. मी त्यांच्या डाव्या बाजूला उभी राहायची, कोपराला हात लावून. बारीक आवाज आला की बोटानं त्यांच्या हातावर तो काढायचा. लांब शीळ असेल तर लांब रेघ, तुटक असेल तर टिचक्या, सूर खाली आला तर बोट मनगटाकडे. जागा कुठली, महिना कुठला, झाडी कसली हे त्यांना पाठ. दोन टिचक्या आणि एक रेघ मिळाली की ते डोळे मिटून नाव सांगायचे आणि लोक माना डोलवायचे. घरी गच्चीवर तर मी तोंडानंच काढून दाखवायची, जाड्या आवाजात, त्यांना ऐकू येईल असा. पक्षी ओरडायचा झाडावर आणि त्यांना ऐकू यायचा माझ्या तोंडून. बाहेर लोकांना वाटायचं, काय प्रेम आहे, या वयात हातात हात घालून फिरतात! एका बाईनं आमचा तसा फोटोही काढला.

प्रेमाचं सांगते. लग्नानंतर पंधरा दिवसांत सर मला भरतपूरला घेऊन गेले. मी श्रीरामपूरची, स्टेशनसमोरच्या घरातली. आमच्याकडे सगळे एकदम बोलतात आणि गाडी आली की आणखी मोठ्यानं बोलतात. भरतपूरला थंडीत तळ्याकाठी माझ्या हातातला हिरवा चुडा किणकिणला. सर म्हणाले, काढ. नव्या नवरीचा चुडा काढतात का कुठे? मी नाही म्हटलं, तर त्यांनी खिशातला रुमाल काढून माझ्या दोन्ही मनगटांवर चुड्याभोवती घट्ट आवळला आणि गाठ मारली. तळ्यावर येणारे जाणारे बघत होते. पोलिसांनी धरून नेलेली बाई दिसत असेन मी.

तिथून पुढे तीसेक वर्षं हा देश मी असाच बघितला, तोंड बंद ठेवून. कच्छच्या रणात उन्हानं माझे ओठ फुटले, पण पाणी मागायचं नाही, कारण धाविक पक्षी पळून जातील. केरळच्या रानात जळवा पायाला लागल्या, ओरडायचं नाही. लडाखला दम लागला, तर म्हणाले, "दम हळू टाक." दलदल, वाळवंट, बर्फ, समुद्राची खाडी, सगळीकडे पक्षी वेगळे, त्यांचे आवाज वेगळे. सरांचा आवाज मात्र एकच, "शू!"

आणि अरुणाचल. तिथल्या ओल्या रानात नेच्यांच्या खाली चालणारा एक टीचभर पक्षी आहे, शेपूट नसल्यासारखा. आपल्याकडे येतच नाही, त्यामुळे त्याला मराठी नावही नाही. सरांना तो हवा होता. तो ऐकायला त्यांनी मला तिथवर ओढत नेलं होतं. चौथ्या की पाचव्या सकाळी रस्त्याच्या एका वळणावर मोबाईलला रेंज आली आणि भावाचा फोन लागला. माझे वडील पहाटे गेले होते. मी तिथेच मोरीच्या कठड्यावर बसले. सर थोडे पुढे होते. मी त्यांना हाक मारली, सांगितलं, "माझे वडील गेले हो." त्यांनी मागे न बघता हात वर केला. "शू. बोलतोय."

बोलत होता खरा. एक लांब, बारीक शीळ, मग दोन तुटक सूर, शेवटचा जरा खाली येणारा. मग पुन्हा तसंच. मी पदर तोंडात कोंबला आणि तो सगळा ऐकला. बरंच सहन केलं, पण मग हुंदका फुटलाच. पक्षी गप्प झाला. सर वळले तेव्हा त्यांचा चेहरा असा होता, जणू त्यांचाच कोणी मेला. "गेला," म्हणाले. "तुझ्यामुळे गेला." तो त्यांना दिसला नाही, पुन्हा ऐकूही आला नाही. पुढे वर्षानुवर्षं ते हा किस्सा रविवारच्या लोकांना रंगवून सांगायचे. बायको रडली आणि आयुष्यात एकदाच मिळालेला पक्षी उडाला! लोक हसायचे. बायको का रडली, ते सरांनी कधी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

मी पोचेपर्यंत वडिलांचं सगळं उरकलं होतं. दहाव्याला पुणतांब्याला गोदावरीकाठी पिंड ठेवून आम्ही कावळ्याची वाट बघत बसलो. कावळा शिवेना. आई मनातल्या मनात काय काय कबूल करत होती. शेवटी एक येऊन बसला, तेव्हा सर माझ्या भावाला म्हणाले, "हा डोमकावळा. साधा कावळा नव्हे, चोच बघा." भाऊ त्यांच्याकडे बघतच राहिला. मला तेव्हापासून दोन्ही कावळे ओळखता येतात.

तर आता या हिवाळ्यातलं. सुप्याच्या एमआयडीसीमागे जो माळ आहे, तिथे सरांनी माणसं नेली होती. दोन जीप. सुप्याला चहाला थांबलो. नगरचा एक दातांचा डॉक्टर नव्यानंच येऊ लागला होता, त्याच्या मोबाईलमध्ये आवाज ऐकून पक्ष्याचं नाव सांगणारं ॲप होतं. सरांना त्याचा मनस्वी राग. पण माणूस सभ्य. त्यानं मला चहाचा कप दिला आणि विचारलं, "मॅडम, सरांबरोबर तुम्ही एवढा देश फिरलात. तुम्हाला किती पक्षी ओळखता येतात?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात सर म्हणाले, "तिला दोन येतात. एक कावळा, दुसरा ताटातला."

सगळे हसले. दातांचा डॉक्टरही हसला, मग माझ्याकडे बघून मोबाईल चाळू लागला. मीही हसले. चहा संपवला, कप धुऊन ठेवावा तशी मनात एक गोष्ट स्वच्छ करून ठेवली आणि जीपमध्ये जाऊन बसले.

माळावर कुसळं साडीला चिकटत होती, ऊन नुकतं वर येत होतं. मी नेहमीसारखी डावीकडे, हात कोपराला. बाभळीत काहीतरी बारीक टिकटिकलं. मी बोट हलवलं नाही. दातांच्या डॉक्टरानं मोबाईल बघितला आणि नाव वाचलं. "सर, ऐकलात ना?"

"कधीचा ऐकतोय," सर म्हणाले. "तुमच्यातलं कोण सांगतं ते बघत होतो."

निभावलं. पण त्यांचं कोपर माझ्या हाताला लागलं, जरा जोरानं. पुढे गवतातून दुसरा आवाज आला, मी गप्प. मोबाईल पुन्हा बोलला. सरांचं कोपर आता माझ्या बोटांना ढोसत होतं, दारावर थाप मारावी तसं. गार वाऱ्यात त्यांच्या कपाळावर घाम आला होता. मला दया आली नाही. मी बघत होते, एवढा हुशार माणूस माझ्या एका बोटासाठी किती कासावीस होतो ते.

मग माळ अगदी शांत झाला. वाऱ्याशिवाय काही नाही. आणि तेव्हा मी त्यांच्या हातावर बोट ओढलं. एक लांब रेघ, दोन टिचक्या, शेवटची मनगटाकडे.

सर उजळले. हात वर केला, सगळे जागच्या जागी थांबले. "ऐका!" त्यांनी डोळे मिटले. "डोळे मिटा सगळ्यांनी." क्षणभर थांबून त्यांनी एका दुर्मिळ तीरचिमणीचं नाव घेतलं. उत्तरेकडून येते, इथे तिची कुणी आशा करू नये, पण आज आली आहे. तिच्या शिळेचं वर्णन केलं, सूर शेवटी कसा उतरतो तेही सांगितलं. सगळी माणसं डोळे मिटून, नसलेला आवाज ऐकत उभी होती.

"सर, यात काही येत नाहीये," दातांचा डॉक्टर हळूच म्हणाला.

"यंत्राला काय कळतंय?"

"कुठल्या बाजूला, सर?"

सरांनी हात लांब करून पूर्वेकडची एक बोर दाखवली. नेमका तेव्हाच आमच्या मागून डोंबारी चंडोल उठला. हा पक्षी बारीक शीळ घालत सरळ वर चढतो, पंख मिटून दगडासारखा खाली येतो आणि जमिनीला टेकायच्या आत पुन्हा वर. माळावर रोजचा. लहान मूलही मान वर करतं. सगळ्यांनी मान वर केली. सर एकटेच त्या बोरीकडे बघत उभे, चेहऱ्यावर तीच तल्लीनता, हात तसाच लांब.

चंडोल दोनदा पडला, दोनदा चढला. शेवटी कोणीतरी म्हणालं, "सर, वर."

त्यानंतर कुणी त्यांना काही विचारलं नाही. लोक फार चांगले वागले, तेच वाईट. परतताना जीपमध्ये सगळे कांद्याच्या भावावर बोलत होते. सर ड्रायव्हरशेजारी बसले होते. ड्रायव्हर पारनेरकडचा, सरांचा जुना माणूस. त्याला सरांचं गप्प बसणं सोसेना. म्हणाला, "मला तर काय बी ऐकू आलं न्हाई सर. पर तुमी म्हंता म्हंजी असंल. तुमचा कान लई तिखट हाय, आमाला काय कळतंय त्यातलं."

सरांनी काच वर केली.

घरी आल्यावर त्यांनी बूट काढले, पायमोज्यांतली कुसळं एकेक करून उपटली. मग खाली मान घालूनच विचारलं, "लांब, तुटक, तुटक. कोण होता?"

"कुणी नव्हता."

"कावळ्यावरून बोललो म्हणून?"

"नाही," मी म्हटलं. वाटलं, आता विचारतील, मग कशावरून? त्यांनी विचारलं नाही. जेवायला काय आहे म्हणाले.

दोन आठवड्यांनी रविवारची माणसं दातांच्या डॉक्टरबरोबर गेली. सरांना निरोप आला, तब्येतीला जपा. ते आता माळावर जात नाहीत. सकाळी गच्चीवर खुर्ची टाकून बसतात. खाली जास्वंदीत शिंजीर पक्षी जीव तोडून ओरडत असतो आणि हे त्याच्याच डोक्यावर बसून विचारतात, "कोण बोलतंय का गं?" मी म्हणते, "नाही."

मागच्या आठवड्यात असंच विचारलं. मी कप खाली ठेवला, ओठ आवळले आणि जाड्या आवाजात काढला. एक लांब शीळ, मग दोन तुटक सूर, शेवटचा खाली येणारा. सर खुर्चीत ताठ झाले. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर. डोळ्यांत एकदम पाणी आलं. भरतपूरपासून आजवर मी त्या डोळ्यांत पाणी बघितलं नव्हतं.

"तो," म्हणाले. "तोच. अरुणाचलचा. तुला आठवतो?"

"सगळा आठवतो," मी म्हटलं. "त्या सकाळी माझे वडील..."

त्यांनी हात वर केला. "शू. पुन्हा कर."

मी रिकामा कप उचलला आणि खाली आले. आता ते कोण बोलतंय म्हणून विचारत नाहीत. रोज सकाळी एवढंच म्हणतात, तो कर ना. काल हात जोडले. मी अजून केलेला नाही.