ट्रम्पेटचं बूच

मौनाइतकं उदात्त संगीत जगात नाही, असं थोर लोक सांगतात. थोर लोकांच्या खालच्या मजल्यावर बहुधा ट्रम्पेटवाला राहत असावा.

आमच्या इमारतीत तसा राहतो. जाधवकाका लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतात आणि रोज संध्याकाळी घरी सराव करतात. सराव सुटला की ओठ ढिले पडतात आणि बँडमध्ये आपल्या जागी दुसरा उभा राहतो. तक्रारी वाढल्या तेव्हा सोसायटीच्या अध्यक्षांनी त्यांचा सत्कारच केला: शाल, श्रीफळ आणि ट्रम्पेटच्या पुढच्या रुंद तोंडात बसवायचं ॲल्युमिनियमचं बूच. याने सूर मऊ होतो, असं ते भाषणात म्हणाले.

"बंद करा म्हणाला असतात तरी वाजवणारच होतो," काका म्हणाले. "पण द्या, लावतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी ते लावलं. आवाज लहान झाला खरा, पण डब्यात कोंडलेल्या गांधीलमाशीसारखा भणभणत सगळे मजले चढला. अध्यक्ष बनियनवरच खाली आले.

"जाधव, हे तर जास्त टोचतंय हो!"

"आवाज कमी केलाय, साहेब. दम तेवढाच आहे."

जिन्यात उभा राहून मी ऐकत होतो. ज्यांना आयुष्यभर हळू बोला म्हणून बजावलं जातं, त्यांच्या बोलण्याला अशीच धार येत असणार. सगळा श्वास एवढ्याशा फटीतून बाहेर पडायचा असतो. दाबलेला सूर नम्र होतो, हा फक्त दाबणाऱ्यांचा समज आहे.

रविवारी तातडीची सभा झाली. बूच काढून वाजवावं, असा ठराव अध्यक्षांनी मांडला. जाधवकाकांनी अनुमोदन दिलं.